हवेतून किती?

मी बिबवेवाडीत राहतो असं सांगितलं की पुण्यातला माणूस दोनपैकी एक प्रश्न विचारतो. जागा स्वतःची का भाड्याची, नाहीतर तिकडे पाणी येतं का. कंट्रोलरसाहेबांनी आमच्या पहिल्या भेटीत तिसराच विचारला.

"हवेतून किती?"

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. म्हणालो, "मंडईतून स्कूटरवर वीसेक मिनिटं."

"स्कूटर उडते का तुमची?"

"नाही."

"मग तिचं कशाला सांगता?"

ते सरकारी बसखात्यात स्टँडवर कंट्रोलर होते. कोणती गाडी कधी सुटली, कधी आली, किती उशिरा आली आणि का, हे नोंदवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर सदाशिव पेठेतल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी कबुतरं पाळली, आणि आमच्या कबुतरांच्या शर्यतीच्या क्लबात अंतरं मोजायचं काम अंगावर घेतलं. ते काम दुसरं कोणी मागत नव्हतं. शर्यतीत पाखरू हरलं की माणूस पाखराला शिव्या देत नाही, अंतर मोजणाऱ्याला देतो.

"नोकरीत लोकांना वाकड्या रस्त्याची तिकिटं घ्यायला लावली," ते म्हणायचे. "आता तरी सरळ मोजू द्या."

रस्त्यांवर त्यांचा खरोखरच राग होता. घाटाचं कौतुक कोणी केलं तर म्हणायचे, रस्ता म्हणजे डोंगरापुढे घेतलेली माघार. नव्या माणसानं पत्ता विचारला की ते त्याला गच्चीवर नेत आणि बोट दाखवत. "ती निळी टाकी दिसते? तिच्या जरा डावीकडे. सरळ जा." मध्ये दोन पेठा, एक ओढा आणि एकेरी वाहतूक असायची. "ते तुम्ही बघा."

त्यांच्याबद्दल चांगलं लिहायचं म्हणून बसलो आहे. पण एक गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर ती मध्येमध्ये वर येत राहील. हैदराबादच्या त्या शर्यतीत पहिला नंबर माझा होता. तो मला मिळाला नाही, आणि तो कंट्रोलरसाहेबांमुळे मिळाला नाही. आता ते हयात नाहीत, पण म्हणून माझं मत बदललेलं नाही.

मी मंडईत डोक्यावर पाट्या वाहून वर आलो. आज तिथे माझा लिंबू, आलं, मिरचीचा स्वतःचा गाळा आहे. भाव केल्याशिवाय मी देवळाबाहेरचा नारळसुद्धा घेत नाही. डोकं लवकर तापतं हेही खरं, पण मंडईत थंड डोक्याच्या माणसाचा माल संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहतो. कबुतरांचा नाद मला लहानपणापासून होता. हातात चार पैसे खेळायला लागल्यावर मी गच्चीवर ढाबळ बांधली, म्हणजे कबुतरांचं घर, आणि क्लबात नाव घातलं.

नाव घातलं की आधी ढाबळ मोजावी लागते. शर्यतीची सगळी पाखरं एकाच गावाहून, एकाच वेळी सोडतात, पण ती उतरतात ज्याच्या त्याच्या गच्चीवर. कोणाची गच्ची कोथरूडला, कोणाची हडपसरला. म्हणून सुटण्याच्या जागेपासून प्रत्येकाच्या ढाबळीच्या दारापर्यंतचं सरळ अंतर वेगवेगळं काढून ठेवतात. त्यासाठी कंट्रोलरसाहेब माझ्या गच्चीवर आले. डोक्यावर खाकी टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. पाखरू ज्या दारातून आत शिरतं तिथे जीपीएस लावलेला फोन धरून ते उभे राहिले. माझ्या बायकोनं चहा आणला तर म्हणाले, "हललो तर तुमचंच नुकसान." चहा निवला. मग त्यांनी आकडा सांगितला.

माझ्या तोंडातून सवयीनं निघालं, "साहेब, थोडं कमी करा."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "किती करू?"

"अर्धा किलोमीटर तरी करा. नवा माणूस आहे मी."

"अर्धा कशाला? पुरा करतो."

मी खूश. इतक्या लवकर उतरणारा माणूस सरकारी खात्यात कसा टिकला, असा विचार करत मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. दोन पायऱ्या उतरून ते थांबले.

"शर्यतीत आधी कोण आलं ते बघत नाहीत. अंतराला वेळेनं भागतात. ज्याचा वेग जास्त तो पहिला. अंतर कमी केलं की तुमचं पाखरू कागदावर हळू उडणार. करू ना कमी?"

"मग वाढवा."

"आता वाढवा." ते हसलेसुद्धा नाहीत. "अहो शेठ, हे लिंबू नाही. हे जेवढं आहे तेवढंच आहे."

माणसांशी ते असे बोलायचे. पाखरांशी वेगळे. पाखरांना ते अहो-जाहो करत. सकाळी ढाबळीचं दार उघडून म्हणत, "या, बाहेर या. आज वारं बरं आहे." कोणी दाणे टाकून दिले तर, "आपण काल जेवला नाहीत. काही होतंय का?" एकदा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वाळत घातलेल्या धोतरावर कबुतरांची घाण पडली म्हणून वर आले. साहेब तेव्हा एका पिलाची चौकशी करत होते. ती पुरी झाल्यावर वळून म्हणाले, "हां. तुमचं काय?"

पाखरांना नावं देणं त्यांना पसंत नव्हतं. ज्यानं जेवढं अंतर केलं तेवढी त्याची पदवी. दोनशे किलोमीटरहून आला तो दोनशेवाले, तीनशेहून आला तो तीनशेवाले. बढती झाली की जुनं नाव बंद. त्यांच्याकडे एक करड्या रंगाची मादी होती, उजव्या पंखात एकच पांढरं पीस असलेली. ती हैदराबादहून पहिल्यांदा परत आली त्या दिवसापासून पाचशेबाई झाली. तिच्यापुढे ते टोपी काढून बसत. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

पाचशे हा त्यांच्या लेखी खरा आकडा होता. "शंभर किलोमीटरला पाखराचे पंख कळतात," ते म्हणायचे, "तीनशेला मालकाचा दाणा कळतो, पाचशेला घर कळतं." मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाले, अंगातली ताकद तीनशेच्या पुढे संपते, त्यानंतर पाखरू कशावर उडतं ते तुम्हीच सांगा.

आमच्यात एक रीत आहे. शर्यतीआधी काही दिवस नराला मादीपासून वेगळं कोंडतात, म्हणजे सुटल्यावर तो ओढीनं लवकर परततो. सगळे करतात, मीही करायचो. साहेबांनी कधी केलं नाही.

"बायकोपासून लांब ठेवून पळवायचं, हा प्रयोग खात्यानं माझ्यावर केलेला आहे," ते म्हणाले. "उशीरच होतो."

त्यांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगी, ती नाशिकला. घरात ते एकटेच. गॅसवर एक पातेलं, आणि भिंतीला लावलेला महाराष्ट्र-आंध्रचा नकाशा, त्यावर पट्टीनं ओढलेल्या रेघा. सगळ्या रेघा एका ठिपक्यात येऊन मिळायच्या. तो ठिपका म्हणजे त्यांची गच्ची.

आता ती शर्यत.

थंडीचे दिवस होते. पाखरं पहाटे हैदराबादहून सुटली. माझ्याकडे निळ्या नावाचा नर होता, पंखांवर दोन काळे पट्टे, छाती कुस्तीगिरासारखी. दुपारी मी गच्चीवर उभा असताना तो बाणासारखा आला आणि थेट दारात घुसला. पायातल्या रबरी कड्यावरचा नंबर मी फोनवरून क्लबाला पाठवला आणि एकेकाला विचारत सुटलो. कोथरूडला कोणी आलं नव्हतं. हडपसरला नव्हतं. सगळ्या पुण्यात पहिला माझा निळ्या. मी पेढे सांगितले, गाळ्याशेजारच्या सगळ्यांना वाटायला लावले. तेवढ्यात कंट्रोलरसाहेबांचा फोन आला.

"आमच्या बाईही आल्या."

"आमचा मघाशीच आला."

"हो, कळलं. अभिनंदन."

संध्याकाळी क्लबात निकाल त्यांनीच वाचला. पहिला नंबर पाचशेबाई. दुसरा निळ्या. वेगातला फरक केसाएवढा. हैदराबादकडून येताना बिबवेवाडी आधी लागते, सदाशिव पेठ दोनेक किलोमीटर पुढे. म्हणजे निळ्या माझ्या दारात घुसत होता तेव्हाच ती बया माझ्याच डोक्यावरून पुढे गेली असणार, आणि त्या दोन किलोमीटरनी तिला पहिलं केलं.

मी उठून उभा राहिलो. "मोजणारे तुम्ही, वाचणारे तुम्ही, जिंकणारेही तुम्हीच. छान आहे."

साहेबांनी कागदाची घडी घातली. "शंका रास्त आहे. दुसऱ्याकडून मोजून घ्या."

मी घेतलं. ओळखीतल्या, जमिनीची मोजणी करणाऱ्या माणसाला दोन्ही गच्च्यांवर फिरवलं. साहेबांचाच आकडा बरोबर निघाला, आणि त्यानं माझं डोकं जास्तच फिरलं. खोटं सापडलं असतं तर मी चार शिव्या देऊन माफ केलं असतं. बरोबर निघालं, त्याचं काय करणार? बाजारात जो आधी येतो त्याचा माल आधी विकला जातो. माझं घर अलीकडे आहे हा माझा गुन्हा आहे का, असं मी त्यांना क्लबाच्या दारात विचारलं. ते म्हणाले, "गुन्हा नाही. पुण्यही नाही."

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. समोर आले तर मी पाखरांकडे बघायचो.

पुढच्या पावसाळ्यात निळ्या आजारी पडला. मान वाकडी झाली, दाणा गिळेना. मी साहेबांना कळवलं नव्हतं, कोणी कळवलं माहीत नाही. एका सकाळी ते पिशवी घेऊन दारात उभे. माझ्याकडे न बघता सरळ गच्चीवर गेले, निळ्याला मांडीवर घेतलं आणि चमच्याच्या टोकानं थेंब थेंब पाणी पाजायला बसले. "घ्या. अजून थोडं घ्या. आपण पाचशेवाले आहात, असं करून कसं चालेल?" बायकोनं पोहे वर नेऊन दिले ते त्यांनी खाल्ले, दुपारीही ते तिथेच होते. निळ्या उठला. शर्यतीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, मीही नाही. मग रविवारी मी त्यांच्या गच्चीवर जायला लागलो. बोलणं सुरू झालं. तक्रार होती तिथेच राहिली.

असेच काही हंगाम गेले आणि त्यांची इमारत पुनर्विकासाला निघाली.

इमारत जुनी, लिफ्ट नाही, भिंतीतून पाणी झिरपायचं. रहिवाशांना नवी मोठी घरं मिळणार होती, त्यामुळे सगळे राजी होते. साहेबांनीही पहिल्या फटक्यात सही केली. त्यांची अडचण पाखरांची होती. पाखरू एकदा ज्या ढाबळीवर उडायला शिकलं तेच त्याचं घर. दुसरीकडे नेऊन जाळीत ठेवलं तर जगतं, पण सोडलं की जुन्या घरी जातं. जुनं घर नसलं तरी त्या जागेवर जाऊन घिरट्या घालत राहतं. साहेबांनी लहान पिलं क्लबातल्या लोकांना दिली. म्हातारी पाखरं माझ्याकडे आली, त्यांच्यासाठी मी गच्चीवर जाळीची वेगळी खोली केली. पाडकाम पावसाळ्यानंतर होणार होतं, म्हणून पाचशेबाईला त्यांनी हंगामाच्या शेवटच्या हैदराबाद शर्यतीला पाठवलं. ही तिची शेवटची, मग तीही जाळीत जाणार होती.

ती आली नाही.

पाचशे किलोमीटरच्या शर्यतीत अशी पाखरं वाटेत राहतात. ससाणा मारतो, तार लागते. दोन-चार दिवसांनी लोक नाद सोडतात. साहेबांनी सोडला नाही. आणि नेमकं तेव्हाच पाडकाम अलीकडे आलं. बिल्डरला परवानगी लवकर मिळाली होती. बिऱ्हाडं भराभर हलली, पाणी तुटलं, वीज तुटली. मुलीनं नाशिकला बोलावलं, गेले नाहीत. धनकवडीत भाड्याची खोली घेऊन ठेवली होती, तिथेही गेले नाहीत. रिकाम्या इमारतीच्या गच्चीवर ते पूर्वेकडे तोंड करून बसून असत. मी गाळा उघडण्याआधी डबा देऊन जायचो.

खालच्या मजल्यावरचे ते धोतरवाले गृहस्थ एकदा रस्त्यात भेटले. "एका कबुतरासाठी आमची घरं अडलीत हो," म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं, आणि साहेबांना ते माहीत होतं. त्यांनी बिल्डरच्या माणसाला शब्द दिला की सोमवारी सकाळी दहाला घराची किल्ली देईन. सोमवारी मी टेम्पो घेऊन गेलो, ढाबळीची लाकडं आणि जाळी आणायला. साहेब टोपी घालून तयार बसले होते. किल्ली जिन्याच्या खिळ्याला अडकवलेली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ऐकू कमी येतं म्हणून ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवत.

"हॅलो, हितं एक पाखरू हाय, पायात कडं हाय, त्याच्यावर ह्यो फोनचा नंबर हाय. तुमचंच का?"

भिगवणच्या पुढे हायवेवर हॉटेल असलेला तो माणूस होता. साहेब उभे राहिले. "उजव्या पंखात पांढरं पीस आहे?"

"हाय की एक. लई दिवस झालं, कोंबड्यांत दाणं खातंय. पंखाला लागल्यालं हुतं, आता भरलंय. कडं आज बगितलं, जवळ आलं म्हणून. रोज सकाळी उडून लांबवर जातंय आन परत येऊन पत्र्यावर बसतंय. काल तर दुपारपतूर आलं न्हाय."

"बसतात तेव्हा तोंड कुणीकडे असतं त्यांचं?"

"कुणाचं?"

"बाईंचं. पाखराचं."

"मावळतीला. दुसरीकडं कुटं बगतच न्हाय." मग त्यानं विचारलं, "पुण्याला दुधाचा टेम्पो निगालाय. खोक्यात घालून देऊ का?"

मी म्हणालो, "द्या."

साहेब म्हणाले, "नको."

मी फोनवर हात ठेवला. "साहेब, डोकं ठिकाणावर आहे का? दुपारच्या आत हातात येईल. माझ्या जाळीत तिच्या नराशेजारी बसेल. झालं."

"टेम्पोतून आणलं तर आपण घरी आलो असं त्यांना कळणार नाही. तुमच्या जाळीत जन्मभर इकडे तोंड करून बसतील." त्यांनी माझा हात बाजूला केला. "एकदा स्वतःहून आत आल्या की मग कुठेही न्या."

"आणि इथं येऊन काय दिसणार तिला? घण?"

साहेब माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. फोनवर म्हणाले, "पोटभर पाणी पाजा. दाणे थोडेच. मोकळ्यावर न्या, आणि वर फेकू नका, ओंजळीतून जाऊ द्या. आपले फार उपकार झाले."

खाली ट्रक थांबल्याचा आवाज आला. बिल्डरचा साइटवरचा मॅनेजर जिना चढत होता. पंचविशीतला पोरगा, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे घण आणि पहारी घेतलेली सात-आठ माणसं. "गुड मॉर्निंग सर. दहा वाजले. कीज देताय ना?"

साहेब खिळ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही आणि पाहायची इच्छाही नाही. शब्द दिला होता आणि वेळ झाली होती. दिलेली वेळ त्यांनी कधी मोडली नव्हती. आणि बाई त्या क्षणी कुठेतरी उजनीच्या पाण्यावर उडत होत्या. साहेबांचा हात पोचायच्या आत मी किल्ली काढून खिशात घातली.

"अहो, मी दहाचा शब्द दिलाय," साहेब म्हणाले.

"तुम्ही दिलाय. किल्ली माझ्याकडे आहे. मी कोणाला शब्द दिलेला नाही."

मग मी पोराकडे वळलो. भाव करताना मी आधी नको ते मागतो. "आठ दिवस द्या."

"काका, पॉसिबलच नाही. लेबर आलंय, शेड्यूल आहे, आज टेरेस घ्यायचीच आहे."

"मग चार द्या."

"काका, वरून मला विचारतात."

"वरच्याला बोलाव. पोलिसाला बोलाव. मी इथेच बसतो." मी बसलो. माझा आवाज चढला की मंडईच्या त्या टोकाला ऐकू जातो, इथे तर रिकामी इमारत होती. दोन दिवस, एक दिवस असं करत आम्ही दोघंही घामाघूम झालो. शेवटी तो टेकीला आला. "तुम्हाला नक्की पाहिजे तरी काय?"

"टाकीकडून सुरू करा. ढाबळीचा कोपरा शेवटी घ्या. किल्ली संध्याकाळी."

"एवढंच? आधी सांगायचं ना."

"आधी सांगितलं असतं तर अर्धा तास दिला असतास."

त्यानं साहेबांकडे पाहिलं, मग ढाबळीकडे. काय ते त्याला कळलं असावं. माणसांना त्यानं टाकीकडे पाठवलं.

घण पडायला लागले. धूळ उठली. आम्ही दोघं ढाबळीला पाठ टेकून बसलो. बारा वाजून गेले. धडधाकट पाखरू भिगवणहून एव्हाना कधीच आलं असतं. मी डबा उघडला, त्यांनी हात लावला नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "त्या शर्यतीत माझा निळ्या आधी आला होता."

"आला होता. मी कधी नाही म्हटलं?"

"चार लोकांत म्हणायला पाहिजे होतं."

"चार लोकांत नियम बोलतो." मग म्हणाले, "उतरताना मी त्याला बघितलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्याकडे यायला पाहिजे होतं मी त्या दिवशी. पेढे होते म्हणे."

टाकीच्या भिंतीचा एक तुकडा खाली गेला आणि गच्ची हादरली.

"सौ. गेली तेव्हा मी बारामतीला होतो," ते म्हणाले. "निरोप आल्याबरोबर निघालो. सरळ मोजलं तर लांब नाही हो बारामती. गाडी सासवडला आली तेव्हा स्टँडवर माझ्या नावाचा दुसरा निरोप होता." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "शेजारीण म्हणाली, दाराकडे तोंड करून होत्या."

ऊन कलायला लागलं होतं तेव्हा ती आली. पूर्वेकडून, खूप खालून, पंख जड मारत. साहेबांना ती माझ्या आधी दिसली असावी, कारण त्यांनी माझं मनगट पकडलं. ती इमारतीवर आली आणि बिथरली. टाकी नव्हती. गच्चीचा अर्धा कठडा नव्हता. तिच्या ओळखीचा आकारच नव्हता. तिनं एक मोठी फेरी मारली, घणांच्या आवाजानं उचलली गेली आणि शेजारच्या इमारतीच्या सोलर पाट्यांवर जाऊन बसली. मी उठायला लागलो.

"बसा," साहेब म्हणाले. "बोलावलेलं चालणार नाही."

मॅनेजर उन्हात हेल्मेट काढून उभा होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं, पाट्यांवरच्या पाखराकडे पाहिलं, आणि हात वर केला. "थांबा रे जरा."

घण थांबले. माणसं मलब्यावरच टेकली. त्यातल्या एकानं खिशातून तंबाखू काढली आणि ती न मळता हातात धरून बसला. गच्चीवर आम्ही दहाबारा माणसं होतो आणि कोणी खोकत नव्हतं. खालून रिक्षाचे हॉर्न येत होते, कुठल्यातरी क्लासची पोरं सुटली होती. ती पाट्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, परत आली. मान वाकडी करून बघत राहिली. मग खाली पडावं तशी सुटली आणि ढाबळीच्या फळीवर आली. क्षणभर थांबली. दारात लोंबणाऱ्या, आतल्याच बाजूला उघडणाऱ्या तारा डोक्यानं ढकलून आत गेली.

साहेब लगेच उठले नाहीत. मी उठलो आणि जाळीतून आत पाहिलं. ती तिच्या खणात जाऊन बसली होती, तोंड आतल्या भिंतीकडे, डोळे मिटलेले. मग ते आले. त्यांनी पाण्याचं भांडं तिच्या छातीला लागेल इतकं जवळ सरकवलं आणि दाराला कडी लावली. तिच्याशी ते एक शब्द बोलले नाहीत. टोपी डोक्यावर घातली आणि माझ्यापुढे हात केला. मी किल्ली दिली. ती त्यांनी शर्टाला पुसली आणि मॅनेजरपाशी जाऊन त्याच्या हातावर ठेवली.

"किल्ली उशिरा दिली. तुमच्याकडे नोंद करा."

पोरगा जरा गोंधळला. "असू दे हो, सर."

"असू दे नाही. नोंद करा."

"बरं. कारण काय टाकू?"

"एक बाई यायच्या होत्या," साहेब म्हणाले.